मोरीवर बदलणारा ताल

अर्जातला सातवा रकाना होता ‘सत्राचे ठिकाण’. त्यात ‘वर्गखोली’ असं लिहायला अनुपमाला तीन सेकंदही लागले नव्हते. बाकीच्या रकान्यांवर मात्र तिने तीन आठवडे घालवले होते.

अनुपमा महाडची. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाली आणि सहा महिन्यांसाठी प्रशिक्षणार्थी म्हणून पोलादपूरपलीकडच्या पिंपळकोंडच्या शाळेत लागली. शाळा सातवीपर्यंत, पट तेवीस. मुख्याध्यापक सयाजी गुरुजी, आणि जोडीला एक शिक्षक, तेही महिन्यातले निम्मे दिवस कुठल्या तरी प्रशिक्षणाला गेलेले. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी तिच्यापुढे एक परिपत्रक सरकवलं. ‘शाळा-समाज कला भागीदारी अनुदान.’ एक शाळा आणि गावातलं एक कलापथक, दोघांनी मिळून अर्ज करायचा. मंजूर झाला तर पथकातला कलाकार वर्षभर शाळेत येऊन शिकवणार, सरकार त्याला मानधन देणार आणि वाद्यंही दुरुस्त करून देणार.

“आपल्याकडे पथक कुठलं, सर?” तिने विचारलं.

“खालूबाजाचं. पण पथक म्हणजे आता एकटा गोमाजी. बाकीचं पथक नालासोपाऱ्याला असतं.”

खालूबाजा म्हणजे सनई, ढोल, टिमकी आणि झांज. वाजवणारेच नाचतात, चार पावलं पुढे, दोन मागे, असं करत लग्नाची वरात नाहीतर शिमग्याची पालखी घेऊन निघतात. गोमाजी सनईवाला. वय एकाहत्तर, राहायला वरच्या वाडीत, दात वरचे सगळे शाबूत आणि खालचे चार. त्याच्या मुलाने, नालासोपाऱ्याच्या ढोलवाल्या अनिलने, फोनवर सांगून ठेवलं होतं, “शिमग्याला येतोय, जाताना तुम्हाला घेऊन जाणार. एकटे काय करताय तिकडे?” गोमाजीला जायचं नव्हतं. पण राहायचं तर कशासाठी, ह्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. गेल्या शिमग्याला पालखीपुढे मोठे स्पीकर लावलेली गाडी आणली होती आणि त्याची सनई पिशवीतच राहिली होती.

अर्जावर अंगठा उठवताना तो एवढंच म्हणाला, “साळंत शिकवायचं ठरलं तर मी राहतो. नाय ठरलं तर जातो मुंबईला, नातवंडांची दप्तरं उचलायला. बघ पोरी, तुझ्या हातात हाय.”

ते ‘तुझ्या हातात हाय’ अनुपमाच्या डोक्यात असं बसलं की ती एसटीतसुद्धा अर्जच लिहीत असे.

शिकवणं तर अर्जाच्या आधीच सुरू झालं होतं. वरच्या वाडीतली अकरा पोरं शाळा सुटली की दीड किलोमीटर चालत घरी जायची. गोमाजी त्यांना न्यायला खाली यायचा आणि रस्त्याने वाजवत न्यायचा. सातवीतल्या राजनंदिनीच्या गळ्यात ढोल, सहावीतल्या हर्षदकडे टिमकी, बाकीच्यांकडे झांजा, आणि ज्यांना काही मिळालं नाही त्यांनी डब्याची झाकणं घेतलेली. महिन्याभरात असं वाजायला लागलं की खाली शेतात वाकलेल्या बायकाही कंबर सरळ करून बघायच्या.

अनुपमा तीन वेळा त्यांच्या मागून चालली. हातात मोबाइल, मोबाइलवर आवाज नोंदवणारं अॅप, नजर पडद्यावर. घरी जाऊन तिने त्या नोंदींचं पृथक्करण केलं. वाजवण्याचे तीन भाग पडत होते. पहिला वेगवान, मिनिटाला एकशे बत्तीस ठोके. दुसरा तुटक, मध्ये मोकळ्या जागा असलेला. तिसरा संथ, मिनिटाला शहाण्णव. पहिल्या भागात एक आवर्तन किती वेळा वाजतं, तेही तिने मोजलं. पहिल्या दिवशी एक्केचाळीस, दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस, तिसऱ्या दिवशी अडतीस. मुलं चुकत असणार, असं धरून तिने सरासरी काढली आणि अर्जात लिहिलं, ‘एक्केचाळीस आवर्तनांनंतर भाग दोन’. दुसऱ्या भागात मोठ्या ठोक्यांच्या मागे छोटे छोटे ठिपके दिसत होते. ते गोंगाट समजून तिने गाळून टाकले. आलेख स्वच्छ झाला. सयाजी गुरुजींनी तो बघून चष्मा काढला आणि म्हणाले, “अनुपमा, आपल्या शाळेतून असा कागद ह्याआधी कधी गेला नाही गो.”

पहिल्या चाळणीतून अर्ज निवडला गेला. फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी समिती प्रत्यक्ष सत्र बघायला येणार असं पत्र आलं.

समिती म्हणजे दोघं. जिल्ह्याहून आलेले अधिकारी विनीत सर, हातात गुणांचे तक्ते, आणि सोनाली मॅडम, ज्या शाळाशाळांतून नाट्य शिकवत आणि तज्ज्ञ म्हणून बरोबर होत्या. अकराला गाडी आली. वर्गातले बाक भिंतीला लावून मधे सतरंजी अंथरली होती. पोरं इस्त्रीच्या गणवेशात मांडी घालून बसली होती, राजनंदिनीचा ढोल तिच्या गुडघ्यांमध्ये उभा. गोमाजीसाठी खुर्ची ठेवली होती. तो खुर्चीकडे बघत राहिला.

“बसून?” त्याने अनुपमाला हळूच विचारलं.

“हो आजोबा. वर्गातलं सत्र आहे ना.”

“बरं,” तो म्हणाला, पण बसला नाही. खुर्चीच्या पाठीला टेकून उभा राहिला.

सनई सुरू झाली. ढोलाचा ठोका पडला, टिमकी आली, झांजा आल्या. पत्र्याच्या छपराखाली आवाज कोंडून दुप्पट झाला. सोनाली मॅडमनी हसून कानावर हात ठेवला आणि लगेच काढला. अनुपमा मनात आवर्तनं मोजत होती. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. आता.

काहीच बदललं नाही.

बेचाळीस. पंचेचाळीस. पन्नास. पोरं गोमाजीकडे बघत होती, गोमाजी खिडकीतून बाहेर बघत होता. साठ. विनीत सरांनी घड्याळ बघितलं. सत्तर. हर्षदच्या टिमकीची काडी घसरली. झांजा एकमेकींच्या मागे पडायला लागल्या. एक्क्याऐंशीव्या आवर्तनाला राजनंदिनीने दोन्ही हात ढोलावर आडवे ठेवले आणि सगळं थांबलं.

“काय झालं गो?” अनुपमाने विचारलं.

राजनंदिनी रडकुंडीला आली होती. “बाई, मोरी कुठाय?”

“मोरी?”

“मोरी आली की बदलायचं ना. मोरीच येत नाय.”

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. विनीत सर मात्र हसले नाहीत. त्यांनी अर्ज उघडला. “इथं तीन भाग लिहिलेत, मिळून पाऊण तासाचे. आम्ही एकच भाग ऐकला आणि तोही विस्कटला.”

अनुपमा गोमाजीकडे वळली. “आजोबा, दुसरा भाग कधी सुरू होतो?”

“मोरी आली की.”

“आणि तिसरा?”

“चढण लागली की.”

“आणि मोरी नसेल तर?”

“मोरी हाय की तिथं,” गोमाजी म्हणाला. “ती कुठं जाती?”

अनुपमाच्या डोक्यात झर्रकन एकामागोमाग एक दिवे लागले. एक्केचाळीस, चव्वेचाळीस, अडतीस. मुलं चुकत नव्हतीच. एक दिवस पोरं रमतगमत चालली होती, एक दिवस पाऊल लांब पडलं होतं, इतकंच. ताल आवर्तनं मोजून बदलतच नव्हता. तो रस्त्याच्या ठरलेल्या जागेवर बदलत होता. तिने आवाज मोजला, वेळ मोजली, आणि अंतर मोजलंच नाही. तीन वेळा त्या रस्त्याने जाऊन तिने रस्त्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. तिला स्वतःचा राग यायला हवा होता, पण त्याआधीच तिला हसू फुटलं.

“सर, चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मी ठिकाण चुकीचं लिहिलं. हे वर्गात होत नाही. ह्याची वर्गखोली म्हणजे शाळेपासून वरच्या वाडीपर्यंतचा रस्ता आहे. तुम्ही आमच्याबरोबर चला.”

“असं कसं चला?” विनीत सर म्हणाले. ते चिडले नव्हते, पण त्यांचा आवाज कागदासारखा सपाट होता. “अर्जात जे ठिकाण आहे तिथंच गुण द्यायचे. आणि दीडला आम्हाला शिवथरच्या शाळेत पोचायचंय.”

“दुरुस्ती चालते का?”

सरांनी परिपत्रकाचं शेवटचं पान उलटलं. “भेटीच्या दिवशी, मुख्याध्यापकांच्या सहीने एक दुरुस्ती चालते. एकच.”

सगळे सयाजी गुरुजींकडे बघायला लागले. गुरुजींच्या निवृत्तीला चौदा महिने होते, आणि एकतीस वर्षांत त्यांनी शाळेच्या वेळात एकही पोर फाटकाबाहेर नेलं नव्हतं. शिवथरघळीची सहलसुद्धा त्यांनी तीनदा रद्द केली होती, वाटेत ओढा आहे म्हणून.

“भर दुपारी, डांबरी रस्ता, अकरा पोरं,” ते बोटांवर मोजत म्हणाले. “काही झालं तर?”

“गुरुजी,” गोमाजी म्हणाला, “ही पोरं रोज त्याच रस्त्यानं घरला जातात. त्याला कुणाची सही लागते?”

गुरुजींनी खिशातून पेन काढलं. “पण मी सगळ्यात पुढे चालणार,” ते म्हणाले. “गाडी आली तर मी हात करणार.”

अनुपमाने ‘वर्गखोली’ खोडून वर लिहिलं, ‘शाळा ते वरची वाडी, रस्ता, १.५ किमी’. गुरुजींनी सही ठोकली. सोनाली मॅडम एव्हाना बाहेर पायरीवर चपला घालत होत्या. “सर, गाडी वरच्या वाडीत मागवू या,” त्यांनी बाहेरूनच हाक मारली. “तिथूनच जाऊ शिवथरला.”

फाटकाबाहेर पाऊल पडलं आणि तीच पोरं वेगळी दिसायला लागली. ढोल राजनंदिनीच्या गळ्यात गेला, तशी तिची मान ताठ झाली. हर्षदने चपला काढून कंबरेला खोचल्या. गोमाजीने सनईची पत्ती ओठांनी ओली केली, एक लांब स्वर सोडला, आणि चार पावलं पुढे, दोन मागे, अशी ती सगळी रांग रस्त्यावर हलायला लागली. वर्गात जे हातांतून निघत नव्हतं ते आता पायांतून वर येत होतं. सयाजी गुरुजी सगळ्यात पुढे, एक हात वर धरून, येत नसलेल्या गाडीला थांबवत.

अनुपमाने ह्या वेळी मोबाइल खिशात ठेवला आणि रस्ता बघितला. डावीकडे करवंदाची जाळी, मग रस्त्याचा एक उखडलेला टप्पा, मग दोनशे पावलांवर ओढ्याच्या कोरड्या पात्रावरची मोरी, नुसता सिमेंटचा पाइप आणि दोन बुटके कठडे. राजनंदिनीचं पाऊल कठड्यापाशी पडलं आणि काहीही न सांगता सगळ्यांचा ताल एका झटक्यात बदलला. ढोलाचा एक ठोका, मग मोकळी जागा. एक ठोका, मोकळी जागा.

ती जागा मोकळी नव्हती.

अनुपमा जागच्या जागी थांबली. ओढ्यापलीकडे काळा कातळ सरळ उभा होता, आणि ढोलाचा प्रत्येक ठोका त्यावर आपटून परत येत होता. ढोल वाजे, डोंगर वाजे. ढोल, डोंगर. तिने गोंगाट म्हणून गाळून टाकलेले ते छोटे ठिपके!

“मॅडम, ऐका!” तिने सोनाली मॅडमचा दंड धरला. “ठोका आणि पडसाद, मध्ये जेमतेम पाव सेकंदाहून थोडं जास्त. म्हणजे कातळ पन्नासेक मीटरवर असणार. ह्यांनी पडसादासाठी जागा सोडलीय! शाळेजवळ जो ताल वाजतो तो इथं वाजवला तर सगळा काला होईल, म्हणून इथंच बदलतो!”

“आजोबा,” ती गोमाजीजवळ पळत गेली, “हे कुणी ठरवलं?”

गोमाजीने सनई ओठांवरून क्षणभर काढली. “ठरवायचं काय त्यात? पलीकडचा बी वाजवतो. त्याला नको का जागा द्यायला?” आणि पुन्हा फुंकायला लागला. दोन पावलं मागे येताना मान वळवून म्हणाला, “मोरी झाली मागनं. आधी नुसता ओढा व्हता. माझा बा बी इथंच बदलायचा.”

विनीत सर कठड्याजवळ उभे होते. त्यांनी इकडेतिकडे बघून एक टाळी वाजवली. कातळाने ती परत दिली. त्यांनी आणखी एक वाजवली. मग तक्ते काखेत धरून ते इतरांच्या मागे झपझप चालायला लागले. तीन वळणांनंतर त्यांचीही चार पुढे, दोन मागे अशी पावलं पडायला लागली होती. अनुपमाने सोनाली मॅडमकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

चढण लागली. दम लागायच्या आधीच ताल संथ झाला, चढणाऱ्याच्या श्वासाइतका. दोन ठोक्यांत एक पाऊल, दोन पावलांत एक श्वास. सहावीचा टिमकीवाला असो नाहीतर एकाहत्तरचा सनईवाला, कुणी धापा टाकत नव्हतं. धापा टाकत होते ते फक्त सयाजी गुरुजी, कारण ते तालात चालत नव्हते.

वरच्या वाडीत आवाज आधी पोचला होता. बायका ओट्यावरून खाली आल्या, म्हाताऱ्या पुरुषांनी हातातल्या काठ्या टेकल्या. गोमाजीची वहिनी प्रयागबाई पाण्याची कळशी घेऊनच रस्त्यात उभी राहिली.

“शिमगा तेरा दिवसांवर हाय, भावोजी,” ती ओरडली. “आजच सुटलाव काय? का म्हातारपणी साळंत नाव घातलंव?”

“नाव नाय, मास्तर झालोय गो वयनी!”

“मास्तर! पयली तीनदा नापास झालेला मास्तर!”

वाडी हसली. पण वाजवत आलेल्याच्या पायावर पाणी घालायचं, हे तिथं कुणाला सांगावं लागत नाही. प्रयागबाईने राजनंदिनीच्या पायांवर पाणी घातलं, मग हर्षदच्या, मग ओळीने सगळ्यांच्या. विनीत सरांजवळ येऊन ती थांबली. सरांनी खाली बघितलं, बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि पाय पुढे केले.

“हे साहेब बी वाजवत आले काय?” तिने विचारलं.

“चालत आलो,” विनीत सर म्हणाले.

“मग तेच की.”

ओल्या पायांनी ते ओट्यावर बसले आणि तक्ता भरायला लागले. एका रकान्यावर त्यांचं पेन थांबलं. “मूल्यमापन. मुलाला हे आलं की नाही, ते कसं ठरवणार? ह्यात एक्केचाळीस आवर्तनं लिहिलंय, ते आता धरता येणार नाही.”

अनुपमा उत्तर जुळवायला लागली, पण गोमाजी आधी बोलला. “मोरीवर ज्याचा हात आपसूक थांबला, तो पास. ज्याला सांगावं लागलं, त्यानं उद्या परत चालायचं.”

विनीत सरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. जाताना त्यांनी कबूल काहीच केलं नाही. “शेरा माझा, मंजुरी अलिबागची,” एवढंच. गाडी शिवथरच्या बाजूला वळून दिसेनाशी झाली. पुढचे आठ दिवस अनुपमा दर तासाला मोबाइल उघडून बघत राहिली. सयाजी गुरुजी तिला म्हणायचे, “सारखं बघून यादी लवकर लागत नाही गो,” आणि तिची पाठ वळली की स्वतः बघायचे.

नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत यादी लागली. जिल्ह्यातल्या सहा शाळा. पिंपळकोंड चौथी. शेऱ्यात एकच ओळ होती: ‘सत्र रस्त्यावरच घेण्यास परवानगी द्यावी.’

गुरुजींनी ती मोठ्याने वाचली, मग आणखी मोठ्याने. पोरांनी जेवण तसंच टाकलं. अनुपमा चढण पळत चढली, अर्ध्या वाटेत तिला कळलं की ती दम न लागता पळतेय कारण तिचे पाय संथ तालात पडताहेत, आणि ती एकटीच हसली.

गोमाजी अंगणात काथ्याची दोरी वळत बसला होता. तिने सांगितलं ते त्याने पूर्ण ऐकून घेतलं. आनंदाने उडी मारायचं त्याचं वय नव्हतं, तरी हातातली दोरी सुटून पायाशी पडली.

“मानधनासाठी खातं उघडायला लागेल, आजोबा. आणि आठवड्यातून चार दिवस...”

“चार का? पोरं सहा दिस घरला जातात ना?” तो म्हणाला. “थांब. आधी अनिलला फोन लाव.”

तिने लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे नालासोपाऱ्याचा गलका, मग अनिलचा आवाज. “बोला बाबा. आम्ही परवा रात्रीच्या गाडीनं निघतोय. तुमची बॅग भरून ठेवा हां.”

“बॅगचं ऱ्हाऊ दे,” गोमाजी म्हणाला. “मला नोकरी लागली.”

“काय?”

“साळंत. सरकारची. यादीत चौथा नंबर हाय.” त्याने अनुपमाकडे बघून डोळा मारला. “आणि हे बघ, येताना तुझा ढोलाचा हात घेऊन ये. ह्या शिमग्याला पालखीफुडं गाडी नाय लागायची. माझी पोरं वाजवणार. तू मागं ऱ्हा, आणि मोरीवर चुकलास तर राजनंदिनी तुला सांगंल.”